तात्पर्य न सांगणारे मास्तर

गोष्ट संपली की लगेच तात्पर्य सांगायचं, ही आपल्याकडची जुनीच रीत. इसापनीतीपासून ती आपल्या अंगवळणी पडलेली. कोल्हा द्राक्षं आंबट म्हणून निघून जातो न जातो, तोच खाली जाड अक्षरात तात्पर्य हजर! आणि वर आपलं ‘कळलं ना?’ आहेच. मुलं बिचारी मान डोलावतात आणि खेळायला पळतात. घरात आजी असो, सुट्टीतला संस्कारवर्ग असो नाहीतर चर्चमधली रविवारची शाळा, गोष्टीच्या शेपटीला उपदेश बांधल्याशिवाय मोठ्यांना काही चैन पडत नाही.

मैत्रिणींनो, आज ज्यांची ओळख करून द्यायची आहे ते गृहस्थ पाद्र्याच्या घरात जन्मले. स्वतःही अर्धे पाद्री झाले. मुलांनी देवाला मानावं, खरं बोलावं, दुसऱ्याशी मायेनं वागावं ही त्यांची मनापासूनची तळमळ. आणि तरीही त्यांच्या हातून जगातलं सर्वांत गाजलेलं बिनतात्पर्याचं पुस्तक लिहून झालं. पुस्तकाचं नाव ‘ॲलिस इन वंडरलँड’. सशाच्या मागे बिळात शिरलेली ती मुलगी आपल्या मुलांनी निदान कार्टूनमध्ये तरी पाहिलेली असते. मराठीतही ती आलेली आहे. लेखकाचं नाव लुईस कॅरोल. पण हे टोपणनाव. खरं नाव चार्ल्स डॉजसन.

चार्ल्सचा जन्म २७ जानेवारी १८३२ चा, इंग्लंडमधल्या चेशायर भागातल्या डेअर्सबरी गावचा. वडील तिथले पाद्री. घर गावापासून लांब, शेतात. अकरा भावंडं. सात बहिणी आणि चार भाऊ. त्यात चार्ल्स तिसरा, आणि मुलांमध्ये थोरला. त्या काळात घरोघरी पाळण्यातली मुलं जात, पण या माउलीची अकराच्या अकरा मुलं मोठी झाली. तिनं काय खस्ता खाल्ल्या असतील हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

वडील कडक शिस्तीचे, धर्माच्या बाबतीत तर फारच. पण त्यांच्या अंगात एक खट्याळपणाही होता. चार्ल्स आठ वर्षांचा असताना त्यानं गावाला गेलेल्या वडिलांकडे कानस, पेचकस अशा वस्तू मागितल्या. वडिलांनी उलट टपाली पत्र पाठवलं. त्या वस्तू ताबडतोब मिळाल्या नाहीत तर आपण अख्ख्या शहरात कसा हाहाकार माजवू, याचं त्यात अगदी रंगवून वर्णन होतं! देवभक्ती आणि हसणं एकाच घरात नांदू शकतात हे त्या मुलानं तिथेच पाहिलं. माझ्या मते त्याच्या पुढच्या सगळ्या आयुष्याची मुळं इथे आहेत.

१८४३ मध्ये वडिलांची बदली यॉर्कशायरमधल्या क्रॉफ्ट या गावी झाली. घर मोठं, बाग मोठी. चार्ल्सनं भावंडांसाठी बागेत आगगाडीचा खेळ मांडला, त्याचे लांबलचक विनोदी नियम लिहिले. कळसूत्री बाहुल्यांचं नाटक केलं. आणि घरातल्या घरात हस्तलिखित मासिकं काढली. त्यातलं पहिलं १८४५ चं, सात वर्षांचा भाऊ आणि पाच वर्षांची बहीण यांच्यासाठी. चार्ल्स तेव्हा तेरा वर्षांचा. त्या वहीत एका परीची कविता आहे. ही परी प्रत्येक गोष्टीला ‘हे करू नकोस’ म्हणते. झोपू नकोस, रडू नकोस, हसू नकोस, खाऊ नकोस. शेवटी पोर वैतागून विचारतं की मग करू तरी काय, तर परी विचारायलाही मनाई करते. आणि या सगळ्याचं तात्पर्य काय, तर पुन्हा एकदा नकार! तेरा वर्षांच्या मुलानं सगळ्या मोठ्या माणसांना कसा छान चिमटा काढला आहे, पाहा.

शाळेचे दिवस मात्र सुखाचे गेले नाहीत. रग्बीच्या प्रसिद्ध निवासी शाळेत तीन वर्षं काढली. मोठी मुलं लहानांना छळत, रात्री तर फारच. काही झालं तरी ती तीन वर्षं पुन्हा जगायला आपण तयार होणार नाही, असं त्यांनी पुढे लिहून ठेवलं. त्यात बोलताना अडखळण्याची व्याधी. त्यांच्या बहुतेक भावंडांनाही ती होती. उजव्या कानानं ऐकू येत नव्हतं ते वेगळंच.

जानेवारी १८५१ मध्ये ते ऑक्सफर्डच्या क्राइस्ट चर्च कॉलेजात राहायला गेले आणि दोनच दिवसांत घरून निरोप आला. आई गेली होती, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी. धाकटा भाऊ जेमतेम चार-पाच वर्षांचा. आईची बहीण ल्यूसीमावशी आली आणि तिनं सगळा संसार अंगावर घेतला. अशा मावश्यांची चरित्रं कोणी लिहीत नाही, म्हणून तिचं नाव इथे मुद्दाम लिहिलं.

अभ्यासात चार्ल्स हुशार. गणितात पहिला वर्ग. १८५५ पासून १८८१ पर्यंत त्याच कॉलेजात गणित शिकवलं. शिकवणं रुक्ष होतं अशी विद्यार्थ्यांची तक्रार असे. कॉलेजच्या नियमाप्रमाणे त्यांनी लग्न करायचं नव्हतं आणि पाद्रीही व्हायचं होतं. २२ डिसेंबर १८६१ रोजी ते डीकन झाले. डीकन म्हणजे पाद्री होण्याआधीची पायरी. पुढची पायरी ते कधीच चढले नाहीत. व्यासपीठावर उभं राहून पवित्र शास्त्र वाचायचं आणि एखाद्या शब्दाशी जीभ अडायची, या भीतीनं त्यांचा जीव अर्धा होई. शिवाय आपण त्या योग्यतेचे आहोत का ही शंका मनात असायची. कॉलेजचे प्रमुख डीन लिडेल यांनी समजूतदारपणे तो विषय पुढे ताणला नाही. व्यासपीठ असं सुटलं... आणि मग मुलांशी बोलायला त्यांनी तीन वेगळ्या वाटा धरल्या. गोष्ट, पत्र आणि कोडं.

गोष्टीची हकिकत बऱ्याच जणींना ठाऊक असेल. ४ जुलै १८६२. डीन लिडेल यांच्या तीन मुली, तेरा वर्षांची लोरिना, दहा वर्षांची ॲलिस आणि आठ वर्षांची ईडिथ, यांना घेऊन डॉजसन आणि त्यांचे मित्र डकवर्थ होडीतून नदीवर सहलीला निघाले. मुलींनी गोष्टीचा हट्ट धरला. डॉजसननी मधल्या मुलीलाच नायिका केलं आणि तिला सशाच्या बिळात सोडून दिलं. पुढे काय होणार हे त्यांनाही माहीत नव्हतं. परतताना ॲलिसनं ही गोष्ट मला लिहून द्या म्हटलं. मोठी माणसं अशा वेळी हो म्हणतात आणि विसरतात. हे विसरले नाहीत. नव्वद पानांची वही स्वच्छ अक्षरात लिहिली, सदतीस चित्रं स्वतः काढली. चित्रकला बेताचीच होती, तरी काढली. वही ॲलिसच्या हातात पडली २६ नोव्हेंबर १८६४ ला, म्हणजे दोन वर्षांहून जास्त काळानं.

मधल्या काळात ती गोष्ट जॉर्ज मॅकडोनल्ड या लेखकमित्राच्या घरी गेली. त्यांच्या बायकोनं ती आपल्या मुलांना मोठ्यानं वाचून दाखवली. सहा वर्षांच्या मुलाचं मत पडलं की याच्या साठ हजार प्रती निघायला हव्यात. छापायचं ठरलं ते अशा घरातल्या परीक्षेनंतर. खर्च डॉजसन यांनी स्वतः केला. जॉन टेनिएल या नावाजलेल्या चित्रकाराकडून चित्रं काढून घेतली. १८६५ मध्ये दोन हजार प्रती छापून झाल्या आणि टेनिएलना चित्रांची छपाई पसंत पडेना. डॉजसन यांनी सगळ्या प्रती मागे घेतल्या आणि पुस्तक पुन्हा छापलं. मास्तरकीच्या पगारात हे सोपं नव्हतं. लोकांकडून परत आलेल्या प्रती मुलांच्या दवाखान्यांना वाटून टाकल्या. पुढेही त्यांच्या एका पुस्तकाची छपाई बिघडली तेव्हा त्या प्रती त्यांनी अशाच देऊन टाकल्या.

आता या पुस्तकात धर्म कुठे आहे, संस्कार कुठे आहेत, असं कुणी विचारेल. वरवर कुठेच नाहीत. उलट त्या काळी इंग्लंडमधल्या प्रत्येक मुलाला आयझॅक वॉट्स यांच्या उपदेशपर कविता पाठ कराव्या लागत. मधमाशीसारखे उद्योगी व्हा वगैरे. डॉजसन यांनी त्यांची सरळ फिरकी घेतली. मधमाशीच्या जागी मगर आणून बसवली! पुस्तकात एक सरदारीणबाई आहे, तिला प्रत्येक गोष्टीत तात्पर्य सापडतं. मोहरीतसुद्धा. ती ॲलिसच्या खांद्यावर आपली टोकदार हनुवटी रुतवून तात्पर्यं सांगत सुटते. आपलं उपदेश करणं मुलांना कसं टोचतं, ते या चित्रात आलं आहे.

पण जरा नीट वाचा. ती मुलगी अनोळखी जगात एकटी आहे. सगळे तिच्यावर डाफरतात. तरी ती बहुतेक वेळा अदबीनं बोलते, चुकून कुणाला लागेलसं बोलली तर माफी मागते, आणि राणी उगाच कुणाचं डोकं उडवा म्हणते तेव्हा न भिता हे चुकीचं आहे असं सांगते. हे सगळं गोष्टीत आहे, फक्त जाड अक्षरात नाही.

पवित्र गोष्टींची थट्टा मात्र त्यांनी कधी केली नाही. दुसरं पुस्तक, ‘थ्रू द लुकिंग ग्लास’, १८७१ च्या डिसेंबरात आलं. त्यात बोलणाऱ्या फुलांचा एक प्रसंग आहे. तिथे त्यांनी आधी पॅशन फ्लॉवर हे फूल योजलं होतं. म्हणजे आपलं कृष्णकमळ. आपण त्या फुलात शंभर कौरव, पाच पांडव आणि मधोमध कृष्ण पाहतो. ख्रिस्ती लोक त्याच फुलात येशूचा काट्यांचा मुकुट, पाच जखमा आणि तीन खिळे पाहतात, आणि फुलाचं इंग्रजी नावही येशूनं सोसलेल्या यातनांवरून आलं आहे. हे कळताच डॉजसननी ते फूल काढून तिथे टायगर लिली घातली. एवढ्याशा गोष्टीसाठी! एकदा मुलांनी केलेल्या एका संगीत नाटकात छोट्या छोट्या मुली शिवीचा शब्द आनंदानं गात होत्या आणि प्रेक्षक हसत होते. तो प्रसंग त्यांच्या जिव्हारी लागला, आणि त्यावर त्यांनी पुढे लेखही लिहिला. रिॲलिटी शोमध्ये सात-आठ वर्षांच्या मुली काय काय गाण्यांवर नाचतात आणि आपण टाळ्या वाजवतो, ते या मास्तरांनी पाहिलं असतं तर?

दुसरी वाट पत्रांची. १८६१ पासून आलेल्या-गेलेल्या प्रत्येक पत्राची नोंद ते वहीत करत. शेवटचा आकडा होता ९८,७२१. यातली कितीतरी पत्रं मुलांना. काही आरशात धरून वाचायची, काही शेवटच्या शब्दाकडून उलटी वाचायची, काहींत शब्दांच्या जागी चित्रं, काही तर टपालाच्या तिकिटाएवढ्या कागदावर. असं पत्र आलं की मूल आपोआप उत्तर लिहायला बसणार. ‘लिहायला बस’ म्हणून पाठीत धपाटा घालायची गरजच नाही.

१८९० मध्ये त्यांनी पत्र कसं लिहावं यावर एक चिमुकली पुस्तिका काढली, तिकिटं ठेवायच्या पाकिटासोबत. सल्ले अगदी व्यवहारी आहेत. पाकिटावर पत्ता आणि तिकीट आधीच करून ठेवा, म्हणजे टपाल निघायच्या वेळी धांदल होत नाही. उत्तर लिहिण्याआधी आलेलं पत्र पुन्हा वाचा. सोबत अमुक पाठवतो असं लिहिलंत की तिथल्या तिथे ते पाकिटात घाला. आणि मग हळूच पुढचे सल्ले येतात. रागाच्या भरात पत्र लिहिलंत तर ते एक दिवस बाजूला ठेवा, दुसऱ्या दिवशी आपल्याला आलं आहे असं समजून वाचा. समोरच्यानं कडक लिहिलं तर त्याकडे दुर्लक्ष करा, नाहीतर आपण त्याच्याहून सौम्य लिहा. त्यानं समेटाचं पाऊल उचललं तर आपण त्याच्याहून जरा मोठं उचला. शेवटचा शब्द आपलाच असावा हा हट्ट सोडा. बायबलमधलं एकही वचन न देता शेजाऱ्यावर प्रेम करायला शिकवलं की नाही? मोबाइलवर खटाखट उत्तरं ठोकणाऱ्या आपल्या मुलांना, आणि भिशीच्या ग्रुपवर भांडणाऱ्या आपल्यालाही, हे एक दिवस थांबायचं जमवायला हवं.

तिसरी वाट कोड्यांची, आणि ती मला सर्वांत आवडते. १८७७ च्या नाताळात दोन बहिणी, ज्युलिया आणि एथेल अर्नोल्ड, कंटाळून काहीतरी करायला द्या म्हणाल्या. डॉजसन यांनी त्यांच्यासाठी एक शब्दखेळ रचला. दोन शब्द घ्यायचे. एका वेळी एकच अक्षर बदलत पहिल्यापासून दुसऱ्यापर्यंत पोचायचं. मधला प्रत्येक शब्द खरा, अर्थाचा हवा. हा खेळ १८७९ मध्ये ‘व्हॅनिटी फेअर’ साप्ताहिकात आला आणि लंडनभर त्याचं वेड पसरलं. मराठीत अक्षर किंवा काना-मात्रा बदलायची मुभा ठेवली तर छान जमतो. भात पोटात कसा पोचवाल? भात, पात, पाट, पोट. झालं! आमच्या वस्तीतल्या मुलींना मी हा खेळ दिला तेव्हा त्यांनी तासाभरात वही भरवली. (त्या ज्युलियानं पुढे, १९०२ मध्ये, मुलींसाठी शाळा काढली.)

त्याच सुमारास शार्लट याँग या लेखिका ‘मंथली पॅकेट’ नावाचं मासिक चालवत होत्या. चर्चच्या शिकवणीत वाढणाऱ्या मुलींना चांगलं वाचायला मिळावं म्हणून १८५१ पासून निघालेलं. १८८० पासून डॉजसन त्यात गणिती कोड्यांच्या गोष्टी लिहू लागले. एकेका प्रकरणाला ते ‘गाठ’ म्हणत. दहा गाठी झाल्या आणि १८८५ मध्ये त्यांचं पुस्तक निघालं. पहिली गाठ अशी. दोन प्रवासी दुपारी तीनला निघाले. सपाट रस्त्यानं चालत एका टेकडीवर चढले आणि त्याच वाटेनं रात्री नऊला घरी परतले. सपाटीवर त्यांचा वेग ताशी चार मैल, चढावर तीन, उतारावर सहा. तर एकूण किती मैल चालले? सपाट रस्ता किती हे सांगितलेलंच नाही, म्हणून मुलं गडबडतात. पण पाहा, सपाटीवरचा एक मैल जाऊन-येऊन अर्धा तास लागतो. टेकडीवरचा एक मैल चढायला वीस मिनिटं आणि उतरायला दहा, म्हणजे पुन्हा अर्धाच तास! सहा तासांत बारा मैल जाणं आणि बारा मैल येणं, एकूण चोवीस.

वाचक मुली टोपणनावानं उत्तरं पाठवत. डॉजसन प्रत्येक उत्तर तपासत, चुकलं कुठे ते विनोदानं सांगत आणि पहिला, दुसरा, तिसरा वर्ग लावत. मुलींना गणित काय करायचंय, असं म्हणण्याचा तो काळ. पुढे त्यांनी ऑक्सफर्डच्या मुलींच्या शाळेत आणि लेडी मार्गारेट हॉल या महिला कॉलेजात तर्कशास्त्र शिकवलं. त्यासाठी पुठ्ठ्याचा पट आणि लाल-करड्या सोंगट्यांचा खेळच तयार केला. तर्क शिकलं की वर्तमानपत्रातली, भाषणातली, इतकंच काय चर्चच्या प्रवचनातली लबाडीसुद्धा पकडता येते, असं त्यांचं म्हणणं. खरेपणा हा ख्रिस्ती माणसाचा पहिला गुण मानणाऱ्या या डीकननं मुलींच्या हातात खोटं ओळखायचं हत्यारच दिलं. कुणीही काहीही फॉरवर्ड करतं त्या दिवसांत तर याची किंमत जास्तच.

आता एक नाजूक गोष्ट, आणि ती लपवणं बरं नाही. १८५६ पासून १८८० पर्यंत डॉजसन फोटो काढत. त्या काळातले ते उत्तम छायाचित्रकार. लहान मुलींचे फोटो त्यांनी पुष्कळ काढले, आणि काही कपड्यांविना. आईवडिलांची परवानगी घेऊन काढले, हे खरं. त्या काळी अशी चित्रं निष्पापपणाचं प्रतीक मानली जात, हेही खरं. आगगाडीत, समुद्रकाठी अनोळखी मुलांना कोडी दाखवून मैत्री जोडण्याची त्यांची सवय होती. मोठ्या झालेल्या काही मुलींनी त्यांच्या मायेनं आठवणी लिहिल्या आहेत. पण त्यांच्या तेरा रोजनिशींपैकी चार गहाळ आहेत, काही पानं कापलेली आहेत, आणि १८६३ च्या जूनमध्ये लिडेल कुटुंबाशी त्यांचं एकाएकी का बिनसलं याचं नक्की उत्तर कुणाकडे नाही. अभ्यासक आजही यावर वाद घालतात. मला विचाराल तर त्यांची पुस्तकं मी मुलांच्या हातात आनंदानं देईन. पण माणूस कितीही देवभोळा, कितीही गोष्टी सांगणारा असो, आपली मुलगी त्याच्याकडे एकटी पाठवायची नाही, हा आईचा नियम मी त्यांच्यासाठीही मोडणार नाही.

वडील १८६८ मध्ये वारले तेव्हा थोरला मुलगा म्हणून डॉजसन यांनी गिल्डफर्डला घर घेतलं आणि लग्न न झालेल्या बहिणींना तिथे नेऊन ठेवलं. सात बहिणींपैकी एकीचंच पुढे लग्न झालं. बाकीच्यांना हक्काचं छप्पर भावानं दिलं. स्वतः कॉलेजच्या खोलीत राहत, सणासुदीला बहिणींकडे जात. राणी व्हिक्टोरियाला ॲलिस आवडली, तिनं पुढचं पुस्तक मागवलं आणि यांनी गणिताचं पुस्तक पाठवलं, ही गोष्ट खूप सांगतात. ती खोटी आहे असं त्यांनी स्वतः छापून सांगितलं होतं. तरी लोक सांगतातच.

१८७६ च्या ईस्टरला ॲलिसवर प्रेम करणाऱ्या मुलांसाठी त्यांनी एक पत्रक छापलं. सूर अगदी साधा. देवाला फक्त गुडघे टेकलेली, गंभीर तोंडं आवडतात असं समजू नका, उन्हात खेळणारी, हसणारी मुलंही त्याला तितकीच आवडतात. इतकं थेट धर्माबद्दल मुलांशी ते क्वचितच बोलले होते.

मग वय वाढलं आणि तात्पर्याचा मोह त्यांनाही झाला! लहान मुलांसाठी निवडक बायबल, मुलांनी पाठ करायच्या वचनांचा संग्रह, मुलींनी वाचावा असा निवडक शेक्सपियर, अशा कितीतरी पुस्तकांचे बेत त्यांनी आखले. ते पुरे झाले नाहीत. पण ‘सिल्व्ही अँड ब्रूनो’ पुरं झालं. १८८९ आणि १८९३ अशा दोन जाड भागांत. या दोघा परीमुलांची पहिली छोटी गोष्ट त्यांनी १८६७ मध्येच श्रीमती गॅटी यांच्या मुलांच्या मासिकात लिहिली होती आणि ती गोड होती. तीच वाढवून त्यांनी त्यात प्रेम, प्रार्थना, दारूचे दुष्परिणाम, मृत्यूनंतरचं जीवन असं सगळं भरलं. वर्षानुवर्षं टिपणं काढली होती. स्वतःच्या मते हे त्यांचं खरं काम. वाचकांनी मात्र ते बाजूला ठेवलं. मुलं ॲलिसकडेच परत गेली. मला त्यात त्यांच्याविषयी कणव वाटते. जे मनापासून सांगायचं होतं ते मुलांनी घेतलं नाही, आणि होडीत सहज सुचलेलं सांगितलं ते दीडशे वर्षांहून जास्त काळ सोडलं नाही.

अखेरच्या काळात मात्र त्यांनी भीतीवर मात केली. मुलांसाठीच्या प्रार्थनेला ते चर्चमध्ये उभे राहू लागले आणि तिथे प्रवचनाऐवजी गोष्ट सांगू लागले. नरकातली शिक्षा कधीच संपत नाही ही शिकवण त्यांच्या मनाला पटेना. चांगला देव असं करणार नाही, अशा अर्थाचा एक निबंध त्यांनी तर्कशुद्ध रीतीनं लिहिला. तो मृत्यूनंतर छापला गेला.

१८९७ च्या नाताळाला ते बहिणींकडे गेले. सर्दी झाली, ती छातीत उतरली आणि १४ जानेवारी १८९८ रोजी, सहासष्टावा वाढदिवस तेरा दिवसांवर असताना, न्यूमोनियानं ते गेले. अंत्यविधी साधा करा, उगाच खर्च करू नका, असं त्यांनी लिहून ठेवलं होतं. गिल्डफर्डच्या टेकडीवर त्यांची कबर आहे. वाचकांनी वर्गणी काढून लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट इथल्या मुलांच्या दवाखान्यात ॲलिसच्या नावानं एक खाट ठेवली.

खरी ॲलिस मोठी झाली, लग्न झालं, तीन मुलगे झाले. त्यातले दोघं पहिल्या महायुद्धात मारले गेले. १९२६ मध्ये नवरा वारल्यावर घर चालवणं कठीण झालं, तेव्हा तिनं ती नव्वद पानांची वही लिलावात काढली. १९२८ मध्ये तिला १५,४०० पौंड आले. वही अमेरिकेत गेली. १९३२ मध्ये, डॉजसन यांच्या जन्मशताब्दीला, ऐंशी वर्षांची ॲलिस न्यूयॉर्कला जाऊन आली. १९३४ मध्ये ती गेली. १९४८ मध्ये काही अमेरिकनांनी ती वही विकत घेऊन इंग्लंडला भेट म्हणून परत दिली. आज ती लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. शेवटच्या पानावर मोठी बहीण मनात चित्र पाहते, की आपली धाकटी ॲलिस मोठी बाई झाली आहे, भोवती मुलं गोळा झाली आहेत आणि ती त्यांना गोष्ट सांगते आहे. त्या मजकुराखाली डॉजसन यांनी ॲलिसचा छोटासा फोटो चिकटवला होता. १९७७ मध्ये तो उचलून पाहिला, तर खाली त्यांनी स्वतःच्या हातानं काढलेलं तिचंच चित्र निघालं.